म्हाताऱ्या ताऱ्यांतलं हरवलेलं लिथियम

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली होती. ती आज मुद्दाम सोबत आणली आहे. त्यात लिहिलंय, "सर, मोबाईलवर एक मेसेज फिरतोय. अतिप्राचीन ताऱ्यांमध्ये लिथियम जेवढं असायला हवं त्याच्या एक तृतीयांशच सापडतं, म्हणून बिग बँगचा सिद्धांत खोटा ठरला. हे खरं आहे का?" आणि खाली एक ओळ, "हो किंवा नाही, एवढंच सांगा."

एवढंच सांगायचं असतं तर तुम्ही तासभर सतरंजी अंथरून बसला नसता. मेसेजचा पहिला भाग खरा आहे. लिथियम खरोखरच कमी सापडतं, आणि ती गोष्ट शास्त्रज्ञांनी लपवलेली नाही. त्यांनीच ती जगाला सांगितली. गडबड आहे ती "म्हणून" या शब्दात. आज मी त्या "म्हणून"बद्दल बोलणार आहे.

आधी एक कबुली देतो. मी खगोलशास्त्राचा माणूस नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. तर्कशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षं फळ्यावर तीन ओळी लिहायचो. सिद्धांत खरा असेल तर अमुक दिसायला हवं. अमुक दिसत नाही. म्हणून सिद्धांत खोटा. मग पॉपरसाहेबांचं नाव घ्यायचं, खडू ठेवायचा, की तास संपला. पोरं वहीत उतरवून घ्यायची. निवृत्तीनंतर सवड मिळाली तशी या लिथियमच्या भानगडीबद्दल वाचत गेलो, तेव्हा कळलं की मी फळ्यावर दर वर्षी एक ओळ कमी लिहीत होतो.

ती ओळ कुठली, ते आपल्या अंबाबाईच्या देवळात उभं राहून सांगतो. देऊळ पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीचे चरण, मग छाती, मग मुख, असा क्रम. आता तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, की काही वर्षी किरण कमरेपर्यंत येतात आणि तिथंच विरतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. महाद्वार रोडवर दहा माणसांना विचारा, दहा कारणं मिळतील. एखाद्या इमारतीचा कोपरा आडवा आला, हवेत बाष्प होतं, ढग होते, धूळ होती. पण एकही माणूस असं म्हणत नाही, की "सूर्यानं मार्ग बदलला." का म्हणत नाही? श्रद्धा म्हणून नव्हे. सूर्याचा मार्ग इतर शंभर ठिकाणी तपासलेला आहे. तो बदलला असता तर पन्हाळ्यावरचा सूर्यास्तही चुकला असता, पंचांगही चुकलं असतं.

म्हणजे "किरण मुखापर्यंत पोचतील" हे भाकीत एकट्या सूर्याच्या मार्गावर उभं नाही. वाट मोकळी आहे, हवा स्वच्छ आहे, बघणाऱ्याची नजर ठीक आहे, ही सगळी न बोललेली गृहीतं त्याच्या पाठीशी आहेत. भाकीत चुकलं, की या सगळ्यांपैकी कोणीतरी चुकलं, एवढंच कळतं. कोण चुकलं ते कळत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर द्यूएम यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मांडून ठेवलं होतं. माझ्या फळ्यावर राहून गेलेली ओळ ती हीच.

पण एवढ्यावर थांबलो तर आणखी मोठा धोका आहे. मग कुठल्याही सिद्धांताला वाचवता येईल. किरण आले नाहीत? बाष्प होतं म्हणा. पुढच्या वर्षी नाही आले? धूळ म्हणा. सबबींना काय तोटा! मग सबब आणि स्पष्टीकरण यांच्यात फरक कसा करायचा? इमारत आडवी येत असेल तर किरण दर वेळी साधारण त्याच उंचीवर, एकदम तुटले पाहिजेत, हवा कशीही असो. बाष्प असेल तर किरण हळूहळू फिके पडतील, दर वर्षी वेगळ्या जागी, आणि त्याच संध्याकाळी रंकाळ्यावरही सूर्य निस्तेज दिसेल. म्हणजे खऱ्या स्पष्टीकरणाला देवळाबाहेर कुठेतरी स्वतःची खूण ठेवावी लागते.

आपल्या मीमांसकांचा जाडजूड देवदत्त आठवा. तो दिवसा जेवत नाही, तरी धष्टपुष्ट आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. याला ते अर्थापत्ती म्हणतात, आणि स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतात, हे अनुमानच. त्या भांडणात आज शिरत नाही. मला एवढंच विचारायचंय, की देवदत्त रात्री जेवतो तर सकाळी मोरीत खरकटी भांडी कुठायत? भांडी सापडली तर मी मानीन. नाही सापडली तर दुसरं कारण शोधीन. आज जेवढी स्पष्टीकरणं बघू, त्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायचा.

आता लिथियमकडे. तुमच्या मोबाईलच्या बॅटरीत असतं तेच. हायड्रोजन आणि हेलियम यांच्यानंतर मूलद्रव्यांच्या तक्त्यात तिसरं. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय तप्त, दाट अवस्थेत होतं, आणि पहिल्या काही मिनिटांत त्या उष्णतेत हलक्या अणुकेंद्रांचा स्वयंपाक झाला, असं बिग बँग सिद्धांत म्हणतो. त्यातून निघालं काय? बहुतेक हायड्रोजन. वजनानं सुमारे पाव हिस्सा हेलियम. थोडा जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, तो लाख हायड्रोजन अणूंमागे अडीच. आणि चिमटीच्याही चिमटीएवढं लिथियम. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड वगैरे सगळं नंतर ताऱ्यांच्या पोटात झालं.

या स्वयंपाकाचं वैशिष्ट्य असं, की त्यात चव जमवायला एकच गोष्ट हातात आहे: नेहमीचं द्रव्य प्रकाशाच्या मानानं किती होतं. तो आकडा ठरला की बाकी सगळे पदार्थ किती निघणार हे गणितानं ठरतं. आणि तो आकडा आता आपल्याला दुसरीकडूनच मिळतो. विश्वात सगळीकडे पसरलेलं जे मंद सूक्ष्मलहरी प्रारण आहे, त्यातल्या बारीक चढउतारांवरून. डब्ल्यूमॅप या उपग्रहानं २००३ मध्ये तो दिला, नंतर प्लांक उपग्रहानं आणखी नेमका केला. तो गणितात घातला, की हेलियम जुळतं. ड्यूटेरियम तर थक्क व्हावं इतकं जुळतं. लिथियम जुळत नाही. गणित म्हणतं, हजार कोटी हायड्रोजन अणूंमागे लिथियमचे साधारण ५ अणू हवेत. ताऱ्यांत सापडतात दीडच्या आसपास.

हे दीड मोजलं कसं? आपल्या आकाशगंगेभोवतीच्या प्रभामंडलात काही तारे आहेत, ज्यांच्यात लोखंड सूर्याच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्शाएवढंच आहे. ताऱ्यांच्या पिढ्या जन्मून, मरून लोखंड वाढत जातं. तेव्हा लोखंड कमी म्हणजे तारा फार जुन्या, जवळजवळ मूळच्या वायूपासून बनलेला. फ्रान्सच्या मोनिक आणि फ्रान्स्वा स्पीट या दांपत्यानं १९८२ मध्ये अशा ताऱ्यांचा वर्णपट तपासला. लिथियमची खूण वर्णपटाच्या तांबड्या भागात, ६७०.८ नॅनोमीटरवर, एका बारीक काळ्या रेषेच्या रूपानं दिसते. त्यांना अपेक्षा नसताना एक गोष्ट आढळली. लोखंड कितीही कमीजास्त असो, पुरेशा उष्ण अशा या सगळ्या ताऱ्यांत लिथियम जवळपास सारखंच. आलेख काढला तर मसाई पठारासारखा सपाट. त्याला आजही स्पीट पठार म्हणतात.

आणि इथं एक गंमत आहे, जी मेसेज पाठवणाऱ्यांना माहीत नसते. १९८२ मध्ये हे पठार बिग बँगच्या बाजूचा पुरावा मानलं गेलं! लिथियम नंतर ताऱ्यांत घडलं असतं तर लोखंडाबरोबर वाढत गेलं असतं. ते सपाट आहे, त्याअर्थी सगळ्यांना जन्मतःच मिळालेलं. द्रव्याचा आकडा तेव्हा सैल होता, त्यामुळे जुळवून घ्यायला जागा होती. २००३ नंतर तो पक्का झाला, आणि तेच निरीक्षण, तोच आकडा, साक्षीदाराचा फिर्यादी झाला. निरीक्षण बदललं नव्हतं. भोवतालचं ज्ञान बदललं होतं.

आता संशयित एकेक करून बोलावू.

पहिला, मोजणीच चुकली. हा लवकर सुटतो. ताऱ्याचं तापमान कमी धरलं तर लिथियम कमी मोजलं जातं. पण तिप्पट फरक भरून काढायला तापमान सहा-सातशे अंशांनी चुकलेलं असावं लागेल. इतकं चुकलं असतं तर ताऱ्याच्या रंगातच ते दिसलं असतं. ताऱ्याच्या वातावरणाची गणितं आता कितीतरी सुधारली आहेत. आकडा थोडा इकडेतिकडे हलतो, तिप्पट होत नाही.

दुसरा संशयित, स्वयंपाकातली एखादी अणुकेंद्रीय प्रक्रिया आपल्याला नीट ठाऊक नाही. हा जरा निवांत बघण्यासारखा आहे. पहिल्या मिनिटांत जे बनतं ते बहुतेक थेट लिथियम नसतं. बनतं बेरिलियम-७, आणि त्याचं पुढं लिथियम-७ होतं. तेव्हा बेरिलियम जास्त बनतंय असं आपण चुकून धरलं असेल, किंवा ते नष्ट व्हायची एखादी वाट आपल्या नजरेतून सुटली असेल, तर कोडं सुटलं! मोरीत भांडी आहेत का बघा. बेरिलियम बनवणारी प्रक्रिया हेलियमच्या दोन प्रकारांची टक्कर आहे, आणि तीच टक्कर आज, या क्षणी, सूर्याच्या गाभ्यातही चालू आहे. तिच्यावर सूर्याकडून येणाऱ्या काही न्यूट्रिनो कणांची संख्या अवलंबून आहे. ते न्यूट्रिनो जमिनीखालच्या टाक्यांत मोजले गेलेत. ही प्रक्रिया तिपटीनं मंद असती तर न्यूट्रिनोही तेवढेच घटले असते. ते तसे घटलेले नाहीत. कुठं १३८० कोटी वर्षांपूर्वीचं लिथियम, आणि कुठं आजचा सूर्य! साक्ष कुठून येईल सांगता येत नाही.

राहिली बेरिलियम नष्ट व्हायची वाट. न्यूट्रॉन आदळून ते मोडतं. बेरिलियम-७ चं अर्धायुष्य ५३ दिवसांचं, म्हणजे प्रयोगासाठी नमुना बनवा, घाईनं न्या, आणि विरून जायच्या आत मोजा. तरी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हे केलं गेलं, २०१६ आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. प्रक्रिया आहे, पण तिप्पट तफावत भरून काढेल इतकी जोरदार नाही. मला या प्रयोगांचं फार कौतुक वाटतं. उत्तर "नाही" आलं म्हणून ते वाया गेले असं कुणी समजू नये. एक दार कायमचं बंद झालं.

तिसरा संशयित सगळ्यांत आकर्षक आहे. कदाचित आपल्याला माहीत नसलेला एखादा कण सुरुवातीला होता, तो विघटित झाला आणि त्याच्या माऱ्यानं बेरिलियम कमी झालं. नवं पदार्थविज्ञान! तरुण सिद्धांतकारांचे डोळे चमकणारच. पण त्याचीही भांडी मोरीत सापडली पाहिजेत. असा मारा झाला तर दोन गोष्टी व्हायला हव्यात. एक, जादा न्यूट्रॉन आले की ड्यूटेरियमही वाढणार. दुसरं, लिथियमचा हलका भाऊ, लिथियम-६, नेहमीच्या स्वयंपाकात जो नगण्य बनतो, तो बराच बनणार.

लिथियम-६ ची गोष्ट ऐका. दोन्ही लिथियमच्या रेषा इतक्या जवळ पडतात, की वेगळ्या दिसतच नाहीत. लिथियम-६ असेल तर मुख्य रेषेची एक बाजू किंचित फुगते. २००६ मध्ये मार्टिन आस्प्लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या २४ ताऱ्यांपैकी ९ ताऱ्यांत तो फुगवटा सापडल्याचं जाहीर केलं. मोठी खळबळ. नव्या कणाची भांडी सापडली म्हणायची! त्यावर निबंध निघाले. मग काहींनी शंका काढली. ताऱ्याचा पृष्ठभाग खदखदत असतो, तापलेला वायू वर येतो, थंड होऊन खाली जातो. त्या वरखाली होण्यानंसुद्धा रेषा एका बाजूला फुगते. २०१३ मध्ये करिन लिंड आणि सहकाऱ्यांनी ही खदखद त्रिमितीत, पूर्ण तपशिलानं गणितात घेऊन पुन्हा बघितलं, तर लिथियम-६ चा विश्वासार्ह मागमूस उरला नाही. या कामात आस्प्लुंड स्वतः सहभागी होते, हे मी मुद्दाम सांगतो. आणि ड्यूटेरियम? ते आता इतक्या बारकाईनं मोजलंय, की जादा न्यूट्रॉन ओतायला जागाच उरलेली नाही. तिसरा संशयित अजून पुरता सुटलेला नाही, पण त्याच्या घरी भांडी कोरडी आहेत.

चौथा संशयित, खुद्द तारे. लिथियम फार नाजूक. सुमारे २५ लाख अंशांवर जळून जातं, आणि ताऱ्याच्या पोटात एवढं तापमान सहज असतं. वरच्या थरातलं लिथियम हळूहळू खाली बुडत असेल, जळत असेल, तर आपल्याला कमी दिसणारच. आपल्या सूर्याकडे बघा. उल्कांमध्ये सूर्यमालेचं मूळ लिथियम जपलेलं आहे. त्याच्याशी तुलना केली तर सूर्याच्या पृष्ठभागावर आज ते सुमारे दीडशे पटींनी कमी आहे. मग म्हाताऱ्या ताऱ्यांनी तिप्पट कमी केलं, यात नवल ते काय?

नवल आहे. सपाट पठार आठवा. निरनिराळ्या वस्तुमानांचे, निरनिराळ्या ठिकाणी जन्मलेले इतके तारे, सगळ्यांनी अगदी सारख्याच प्रमाणात लिथियम कसं गमावलं? पंगतीतला प्रत्येक माणूस मोजून एक तृतीयांश ताट ठेवून उठतो, असं कधी होतं का? हा आक्षेप फार दिवस भारी ठरला.

इथं २००६ मधलं दुसरं एक काम येतं. आंद्रेआस कोर्न आणि सहकाऱ्यांनी एनजीसी ६३९७ नावाचा तारकागुच्छ निवडला. निवड हुशारीची आहे. एका गुच्छातले तारे एकाच वायूतून जन्मलेले, तेव्हा सगळ्यांत लोखंड सारखंच हवं. मूलद्रव्यं वरून खाली बुडतात हे खरं असेल, तर लोखंडही थोडं बुडेल. पण तारा म्हातारपणी फुगून राक्षसी तारा होतो तेव्हा आतलं सगळं ढवळून वर येतं, आणि बुडालेलं लोखंड परत दिसू लागतं. म्हणजे लिथियम बाजूला ठेवा, लोखंडाकडे बघा. चिलीमधल्या मोठ्या दुर्बिणीनं बघितलं. अजून न फुगलेल्या ताऱ्यांत लोखंड राक्षसी ताऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघालं. लिथियमही, ताऱ्याचं ढवळणं सुरू होताना, किंचित वर येऊन मग खाली जातं असं दिसलं. मंडळी, ही खरकटी भांडी! प्रश्न लिथियमचा होता, खूण लोखंडात सापडली.

आता टाळ्या वाजवायच्या आधी एक अडचण सांगतो, कारण इथं माझ्यातला तर्कशास्त्राचा मास्तर जागा होतो. नुसतं बुडणं धरलं तर पठार सपाट राहत नाही. ते सपाट ठेवायला ताऱ्याच्या आत थोडी जादा घुसळण धरावी लागते, आणि ती किती, हे आधी कोणी गणितानं सांगितलेलं नाही. जुळेल एवढी धरली. दुसरा गुच्छ, एनजीसी ६७५२, तपासला तर घुसळण थोडी वेगळी धरावी लागली. हे चालतं का? लॅकॅटोश नावाचे हंगेरियन तत्त्वज्ञ होते, ते म्हणायचे, सिद्धांताला ठिगळ लावायला हरकत नाही, पण त्या ठिगळातून काहीतरी नवं कळलं पाहिजे. बुडण्याच्या कल्पनेतून लोखंडाचा फरक कळला, ते पैसे वसूल. घुसळणीचं बिल अजून बाकी आहे. २०१० नंतर आणखी एक चमत्कारिक गोष्ट पुढं आली. लोखंड सूर्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी झालं, की पठार मोडतं. लिथियम विखुरतं, घसरतं. सिंह राशीत एक अतिशय कमी धातूंचा तारा २०११ मध्ये जाहीर झाला, त्यात तर लिथियम सापडलंच नाही. म्हणजे निदान काही तारे लिथियम गमावतात हे दिसतं. पण का, हे घुसळणीच्या गणितातून अजून नीट बाहेर पडत नाही.

आणि एक वळण. लिथियम-६ सापडलं नाही म्हणून मघाशी आपण एक फाईल बंद केली. ब्रायन फील्ड्स आणि कीथ ऑलिव्ह यांनी २०२२ मध्ये ती फाईल उलटी धरली. वैश्विक किरणांच्या आघातानं थोडं लिथियम-६ तर बनायलाच हवं होतं. तेही दिसत नाही, तर ते कोणी खाल्लं? ताऱ्यांनीच खाल्लं असावं, कारण ते लिथियम-७ पेक्षाही नाजूक. मग लिथियम-७ ही खाल्लं असेल. एकाविरुद्ध दिलेली गैरहजेरी दुसऱ्याविरुद्ध साक्ष झाली.

आता पाचवा संशयित, ज्याचं नाव चिठ्ठीत आहे: सिद्धांतच खोटा. हा प्रश्न कोल्हापुरात विचारताना जपून विचारावा लागतो. जयंत नारळीकर यांचा जन्म इथला, १९ जुलै १९३८ चा. बालपण बनारसला गेलं, तरी आपण त्यांना आपलं मानतो. २० मे २०२५ ला ते पुण्यात गेले. बिग बँगवर त्यांनी जन्मभर शंका घेतली, हे सगळ्यांना माहीत आहे. ती कशी घेतली, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल. बिग बँग हे नाव १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना त्यांनीच दिलं, आणि ते त्या कल्पनेचे विरोधक! पण १९६७ मध्ये वॅगोनर आणि फाउलर यांच्यासोबत याच हॉइलनी तप्त विश्वातल्या हलक्या मूलद्रव्यांचं सविस्तर गणित करून दाखवलं. आजच्या लिथियमच्या भाकिताचा एक पाया तोच. विरोधकानं प्रतिपक्षाचं घर बांधून दिलं. आपल्या जुन्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष इतक्या ताकदीनं मांडायची रीत होती.

पुढं १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी अर्धस्थिर विश्वाची पर्यायी कल्पना गणितासह मांडली. त्यात सूक्ष्मलहरी प्रारण कसं आलं, तर ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा बाहेर टाकला, असं उत्तर होतं. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि माझंही मत तेच आहे. त्या प्रारणातल्या चढउतारांचा जो नेमका साचा नंतर मोजला गेला, तो त्या मार्गानं बसवणं फार कष्टाचं होतं. पण बघा, ते "लिथियम कमी, म्हणून बिग बँग खोटा" एवढं म्हणून घरी गेले नाहीत. पर्याय उभा केला, आणि तो कुठं तपासता येईल तेही सांगितलं. सिद्धांत खोटा असं म्हणणाऱ्याचीही भांडी असावी लागतात. हेलियम पाव हिस्साच का, ड्यूटेरियम इतकं नेमकं का, पठार सपाट का, याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. मेसेजमध्ये ते नसतं.

माझं मत विचाराल तर मी ताऱ्यांच्या बाजूनं झुकतो. शपथेवर सांगणार नाही. मत बदलायला काय लागेल, तेही सांगून ठेवतो. लिथियम ताऱ्यांबाहेर, मोकळ्या वायूत मोजायचं. तिथं बुडणं नाही, जळणं नाही. २०१२ मध्ये लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या वायूत ते मोजलं गेलं, तिथं धातू सूर्याच्या पाव हिश्शाएवढे. लिथियम सापडलं साधारण बिग बँगच्या भाकिताएवढं. ऐकायला छान वाटतं, पण पाव हिस्सा धातू होईपर्यंत नंतरचं लिथियमही त्यात मिसळायला हवं होतं, त्याला जागा फार थोडी उरते. त्याहून कितीतरी निर्मळ, जवळजवळ धातूच नसलेल्या वायूत कधी मोजता आलं आणि तिथंही दीडच अणू सापडले, तर तारे निर्दोष सुटतील, आणि मी इथं येऊन तसं सांगीन. त्या दिवशी पाचव्या संशयिताला पुन्हा बोलवावं लागेल.

हं, बोला. मोबाईलमधलं लिथियम पण बिग बँगचंच का, असं विचारताय? चांगला प्रश्न आहे. उल्कांमध्ये हजार कोटी हायड्रोजन अणूंमागे लिथियमचे सुमारे १८ अणू धरतात. पहिल्या मिनिटांतले ५ असतील तर तुमच्या बॅटरीतलं साधारण पाव-एक लिथियम तेव्हाचं. बाकीचं नंतर झालं, काही वैश्विक किरणांच्या आघातानं, काही ताऱ्यांत, बरंचसं बहुधा नवताऱ्यांच्या स्फोटांत. धनिष्ठा नक्षत्रात २०१३ मध्ये एक नवतारा उजळला होता, जपानी दुर्बिणीला त्याच्यात ते ५३ दिवसांचं बेरिलियम-७ ताजं ताजं सापडलं. आणि ताऱ्यांत दिसतं ते दीडच मुळात खरं असेल, तर मग पावाऐवजी दहाव्या हिश्शाहूनही कमी. म्हणजे त्या चिठ्ठीचं भांडण मिटेपर्यंत तुमच्या खिशातलं किती जुनं आणि किती नवं, हे मलाही सांगता येणार नाही. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, माइक जरा त्यांच्याकडे द्या.